शेडनेटमधली सुनावणी

सुनावणी अकराला होती. साडेअकरा वाजून गेले तरी माझ्या टेबलासमोर एकच माणूस बसलेला. ज्यानं हरकत घेतली होती तोच. दिनकरआप्पा. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, हातात दोन मोबाईल, आणि चेहऱ्यावर पहिल्या पंगतीला जागा मिळालेल्या माणसाचं समाधान.

"बघा मॅडम," आप्पा म्हणाले, "शंभराच्या वर लोकांना नोटिसा गेल्या. एक तरी आला का? राहतच न्हाईत तर येतील कुठून? करा आता मोकळं."

मी तेव्हा नायब तहसीलदार होते, निवडणूक शाखेला. जालना जिल्ह्यातला एक तालुका. कोणता ते सांगत नाही, कारण या गोष्टीतली माणसं अजून मला दिवाळीला फोन करतात. लोकसभा तोंडावर आली होती, मतदार यादीचं काम चालू होतं, आणि आमच्या ऑफिसात जेवायलाही कुणाला वेळ नव्हता.

आधी थोडं कामाचं सांगते. यादीत नाव घालायला फॉर्म सहा असतो. दुरुस्तीला किंवा पत्ता बदलायला फॉर्म आठ. आणि नाव काढायला फॉर्म सात. हा फॉर्म सात मोठा विचित्र प्राणी आहे. त्याच मतदारसंघातला कुठलाही मतदार दुसऱ्याच्या नावावर हरकत घेऊ शकतो. माणूस वारला, गाव सोडून गेला, नाव दोन ठिकाणी आहे, असं काहीतरी कारण लिहायचं. मग आम्ही दोन्ही बाजूंना नोटीस काढतो, समोर बसवतो, ऐकून घेतो आणि ठरवतो. व्यवस्था चांगली आहे. वारलेल्यांची नावं यादीत राहू नयेत हे बरोबरच. पण जिवंत माणसाचं नाव काढायचं असेल तरी हाच फॉर्म लागतो, आणि तो भरायला पेन सोडून काही लागत नाही.

आप्पांनी असे फॉर्म गठ्ठ्यानं आणून दिले होते. सगळे एकाच वाडीचे. डोंगराच्या कडेला, मुख्य गावापासून थोडी लांब अशी वाडी. कारण सगळ्यांवर एकच: कायमचे स्थलांतरित. आप्पा एका पक्षाचं काम करायचे. ग्रामपंचायतीला त्यांचं पॅनल पडलं होतं आणि ते त्या वाडीनंच पाडलं असा त्यांचा पक्का समज होता. हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण ऐकीव गोष्टीवर निकाल लिहिता येत नाही.

पंचाईत अशी की आमच्या बीएलओचा रिपोर्टही आप्पांच्याच बाजूनं होता. बीएलओ म्हणजे प्रत्येक बूथला नेमलेला माणूस, घरोघर जाऊन खात्री करणारा. इथं शाळेचे गुरुजी होते. बिचारे सज्जन. मी त्यांना फोन लावला.

"गुरुजी, तुम्ही वाडीत गेला होता ना?"

"दोनदा गेल्तो मॅडम. भर दुपारी. सगळ्या घरांना कुलूप. मी रिमार्क मारला, घर बंद."

"मग इथं स्थलांतरित कसं दिसतंय?"

"संगणकात घर बंद असं काही न्हाईच न. मयत हाय, दुबार हाय, आणि अनुपस्थित किंवा कायमचे स्थलांतरित असं एकाच ओळीत हाय. मंग तेच दाबलं."

धन्य! म्हणजे माणूस शेतात गेला काय आणि सुरतला गेला काय, बटण एकच. मी कपाळाला हात लावला. गुरुजींवर चिडून उपयोग नव्हता, तरी थोडी चिडलेच. माझा स्वभाव तसा आहे. आधी भडकते, मग विचार करते.

तेवढ्यात दाराशी गडबड झाली. शिपाई कुणाला तरी अडवत होता, आणि एक बाई त्याला हातानं बाजूला सारून सरळ आत आली. चाळिशीची असेल. साडीवर पुरुषाचा फुलशर्ट, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पायाला चिखल. उजव्या हाताच्या बोटात प्लास्टिकची एक छोटी अंगठी होती आणि तिच्या खळग्यात पिवळसर पूड.

"सुनावणी हितंच का?" तिनं विचारलं.

"हो. नाव काय?"

"सुमन. वाडीवरून आले. मॅडम, जल्दी काय ते इचारा, माझी फुलं चाललीत."

मला वाटलं देवाला न्यायची फुलं. माझं माहेर तीर्थपुरीकडचं. आमच्याकडं कापूस आणि ऊस. फुलांची घाई मला समजेना. मग सुमनबाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. वाडीतल्या सगळ्या घरांनी मिरचीचे बियाण्याचे प्लॉट घेतले होते. शेडनेट म्हणजे बारीक जाळीचा मांडव, त्यात मिरची. कंपनीला बी द्यायचं तर फुलाचं लग्न हातानं लावावं लागतं. आदल्या दुपारी चिमट्यानं कळीतले नर काढायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलाला दुसऱ्या जातीचे पराग लावायचे आणि लाल दोरा बांधायचा. याला ते क्रॉसिंग म्हणतात. सकाळ हुकली की फूल गेलं. म्हणून दिवाळीच्या आधीपासून सगळी वाडी घराला कुलूप लावून शेतात राहते. तिथंच झोपडी, तिथंच चूल.

"पण तुम्ही राहता कुठं?" मी विचारलं.

"शेतात. आन शेत आमच्याच शिवारात हाय न! घरापून दिसतं. कुलपाला कागद चिटकवून गेले तुमचे लोक. आमी पाणी भराया गेलो तव्हा दिसला. समद्यांनी मला धाडलं. बाकीच्यांना येता येईना. अकराची येळ दिली तुमी. अकराला कुणी क्रॉसिंग सोडतं का?"

आप्पा हसले. "मॅडम, एक बाई आली म्हणून शंभर जण राहतात असं होत नसतंय. मी रोज गावात असतो. माझ्या डोळ्यानं कुलपं पाह्यली."

सुमनबाईंनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकवून वाकल्या. पराग माझ्या फायलीवर सांडले.

"मॅडम, सातबारा मालकाच्या नावावर. घर सासऱ्याच्या नावावर. बियाण्याचा करारबी मालकाच्याच नावावर, काम म्या करते तरी. माझ्या एकटीच्या नावावर म्हणून हे एक मत हाय. तेवढं तरी कापू नका."

मी नोकरीत भाषणं पुष्कळ ऐकली. लोकशाहीवरची तर दर पाच वर्षांनी ऐकावी लागतात, टाळ्याही वाजवाव्या लागतात. पण त्या बाईचं ते बोलणं थेट आत लागलं. ते कुणाला दिसू नये म्हणून मी उगाच शिपायावर ओरडले, पाणी आण म्हणून.

सुमनबाई पाणी न पिता गेल्या. रिक्षा थांबवून ठेवली होती त्यांनी.

मी साहेबांकडं गेले. साहेब म्हणजे तहसीलदार. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवसांत त्यांना एकच शब्द ऐकू यायचा, पेंडन्सी. रोज संध्याकाळी जिल्ह्याची व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, व्हायची आणि कुणाकडं किती अर्ज पडून आहेत ते सगळ्यांदेखत वाचून दाखवायचे.

"लोक आले नाहीत ना? बीएलओचा रिपोर्ट आहे ना? मग हरकत मंजूर करा. आज झिरो दाखवायचाय मला."

"साहेब, लोक गावातच आहेत. शेतात आहेत."

"कशावरून?"

"एक बाई येऊन गेली."

"एक बाई!" साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, तुम्ही निवडणूक शाखेला आहात का महिला मंडळात?"

आता मात्र माझं टाळकं सरकलं. "साहेब, चार महिने शेतात झोपलं म्हणून माणूस गावचा राहत नाही असं कायद्यात कुठं आहे ते दाखवा. तात्पुरतं बाहेर गेलं तरी नाव जात नाही. हे तर बाहेरसुद्धा गेलेले नाहीत. उद्या हे लोक बूथवर आले आणि यादीत नाव नाही म्हटल्यावर रस्त्यावर बसले, तर व्हीसीत काय दाखवणार?"

साहेबांनी पेन परत उचललं. रस्त्यावर बसले हा शब्द त्यांना पेंडन्सीपेक्षाही जास्त ऐकू यायचा.

"मग काय करायचं म्हणता?"

"मी जाते. स्थळावर सुनावणी घेते. हरकतदारालाही तिथंच बोलावते. समोरासमोर होऊन जाऊ द्या."

"शेतात सुनावणी?"

"झाडाखाली पंचनामे करतोच की आपण."

साहेबांनी हात जोडले. "जा. पण गाडी मिळणार नाही. आणि उद्या संध्याकाळपर्यंत मला निकाल पाहिजे."

गाडी नाहीच मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी काळे भाऊसाहेबांच्या मोटारसायकलवर गेलो. काळे भाऊसाहेब आमचे अव्वल कारकून. कामाला वाघ, अक्षर सुंदर, आणि तोंडात तंबाखूचा बार कायम. त्यामुळं ते कमी बोलायचे, आणि ते माझ्या फायद्याचं होतं.

वाडीत पोचलो तेव्हा खरंच सगळ्या घरांना कुलूप. एक कुत्रं तेवढं आमच्याकडं बघून आळसावून भुंकलं. गुरुजींची चूक मला तिथंच समजली. ते दोनदा आले, पण वाडीतनं परत फिरले. पुढं बांधावर चढले असते तर पाच मिनिटांच्या अंतरावर पांढऱ्या जाळ्यांची रांगच्या रांग दिसली असती. मोबाईलवरची गाणी ऐकू आली असती. बायकांचं हसणं ऐकू आलं असतं.

आप्पा आपल्या मोठ्या गाडीतून आमच्या आधीच येऊन शेडनेटच्या दाराशी उभे होते. दोघे कार्यकर्ते बरोबर. दार बंद होतं आणि आतून सुमनबाई बोलत होत्या.

"तंबाखू खाल्ल्यालं कुणीबी आत यायचं न्हाई. आप्पा, तोंडातला गुटखा थुका. तिकडं लांब. मंग साबणानं हात धुवा."

"अगं, मी सुनावणीला आलोय."

"आसंल. मिरचीला काय माहीत तुमी कशाला आले ते? तंबाखूच्या हातानं मिरचीला रोग लागतो."

मला फार गंमत वाटली. तेवढ्यात सुमनबाईंचं लक्ष काळे भाऊसाहेबांकडं गेलं.

"भाऊसाहेब, तुमीबी."

काळे भाऊसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल करावा अशी ती नजर होती. मी म्हणाले, "थुका भाऊसाहेब. कायद्यापुढं सगळे सारखे." त्यांनी तंबाखूची पुडी खिशातून काढून दगडाखाली ठेवली, दोनदा हात धुतले आणि आत आले. त्या दिवशी ते पंधरा वर्षांत बोलले नसतील एवढे शब्द बोलले.

आत हिरवागार गारवा. कमरेएवढ्या मिरच्या, पांढरी बारीक फुलं आणि फुलाफुलाला लाल दोरा. ओळीओळीतून बाया नि पुरुष वाकून काम करत होते. कुणी मान वर केली नाही. सुमनबाईंनी आजूबाजूच्या मांडवांतही निरोप धाडला होता. तिथले लोक आपापलं काम उरकत एकेक करून येत होते.

"मॅडम, इचारा. हात चालूच राहतील, तोंड मोकळं हाय," एक जण म्हणाला.

मग मी ओळीतून चालत सुनावणी घेतली. मी पुढं, मागं काळे भाऊसाहेब पॅडवर लिहीत, त्यांच्या मागं आप्पा. नाव सांगा, ओळखपत्र दाखवा, किती वर्षं राहता, मागच्या वेळी मतदान कुठं केलं. ओळखपत्रं प्रत्येकानं झोपडीतून आणून ठेवली होती, कुणी टोपलीत, कुणी पोलक्यात. सगळं सुरळीत चाललं होतं. गोदाबाईंपाशी गाडी अडली.

गोदाबाई सत्तरीच्या पुढच्या. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, पण हात असा चालायचा की बघत राहावं.

"आजी, नवऱ्याचं नाव सांगा."

"ते कसं घेऊ बाई? समोर उभे हायत."

खरंच. पलीकडच्या ओळीत आजोबा पाइप धरून उभे होते. त्यांनी लाजून तोंड फिरवलं.

"आजी, सुनावणी आहे. सांगावंच लागतंय."

सगळ्या बाया हात थांबवून बघायला लागल्या. गोदाबाईंनी पदर सावरला, खाकरल्या आणि म्हणाल्या,

"शेडनेटच्या दाराला बारीक बारीक जाळी, किसनरावांचं नाव घेते सुनावणीच्या वेळी."

अख्ख्या मांडवात हशा पिकला. आजोबांच्या हातातला पाइप सुटला आणि पाणी थेट आप्पांच्या बुटावर. काळे भाऊसाहेबांनी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, हेही लिहू?"

"लिहा. जसंच्या तसं."

त्या फायलीत तो उखाणा आजही असेल. सरकारी दप्तरात यापेक्षा खरी साक्ष मी दुसरी नोंदवली नाही.

आप्पा मात्र वैतागले होते. बूट भिजले, गुटखा गेला, आणि ओळीच्या ओळी माणसांनी भरलेल्या. त्यांनी पवित्रा बदलला.

"मॅडम, हे आज जमवलेत. तुम्ही येणार म्हणून बोलावून घेतलेत. एरवी कुणी नसतंय इथं. मी गावात राहणारा माणूस, मला माहीत न्हाई का?" आणि बोलता बोलता त्यांनी समोरचं एक फूल बोटात धरलं. "आन हे दोरे कसले बांधलेत? नवसाचे?"

फूल दोऱ्यासकट त्यांच्या हातात आलं.

 चहूकडून एकच ओरडा झाला. "हात नका लावू!" "तोडलं का?" "अगं बाई, लावलेलं फूल तोडलं!" सुमनबाई धावत आल्या.

"आप्पा! आख्खी मिरची गेली न! ह्या वाडीतलं शेंबडं पोरगंबी दोऱ्याच्या फुलाला हात लावत न्हाई. कव्हापासून गावात राह्यले तुमी?"

आप्पा हातातल्या फुलाकडं बघत राहिले. कुठं टाकावं ते त्यांना कळेना. मी म्हणाले, "आप्पा, सुनावणीच आहे, तर दोन प्रश्न तुम्हालाही. राहता कुठं?"

"हितंच. गावात."

"मुलं शाळेला?"

"तालुक्याला."

"घरचे?"

"आता पोरांच्या शाळेमुळं... तालुक्यालाच."

"आणि गावातलं घर?"

आप्पांनी घसा साफ केला. "माय गेल्यापासून बंद हाय."

"म्हणजे कुलूप आहे," काळे भाऊसाहेब म्हणाले. विचारलं नसताना ते बोलले, म्हणजे तंबाखू खरंच बाहेर राहिली होती.

मग काय विचारता! हसून हसून बायांची मुरकुंडी वळली. गोदाबाईंनी तर खालीच बसकण मारली. कुणीतरी मागून म्हणालं, "मॅडम, मंग ह्याचंच नाव कापा की! घर बंद. बराबर बसतंय." लगेच दुसरीनं सूर लावला, "कापा, कापा! द्या फॉर्म, मी अंगठा देते." बघता बघता हसणं ओसरलं आणि आवाज चढायला लागला. आपलं नाव कापायला निघालेला माणूस समोर सापडला होता. त्यांचा राग काही खोटा नव्हता.

आप्पांचा चेहरा उतरला. "मॅडम," ते हळूच म्हणाले, "असं कसं? माझं गाव हाय हे. बापजाद्यांचं घर हाय. माझं मत हितंच हाय."

माझ्या मनात काय आलं सांगू? कापावं. खरंच कापावं आणि यांना जरा कळू द्यावं. त्यांनीच आणलेल्या फॉर्मांतला एक कोरा फॉर्म काळे भाऊसाहेबांच्या पॅडखाली होता. पण मी तो काढला नाही.

मी मोठ्यानं म्हणाले, "असं कुणाचंच नाव कापलं जात नाही. यांचं कापायचं तरी रीतसर हरकत पाहिजे, नोटीस पाहिजे, यांचं म्हणणं ऐकून घ्यायला पाहिजे. तुम्हाला नोटीस कुलपावर मिळाली म्हणून मी इथं आले ना? मग यांना तेवढीही न देता कसं कापू? आप्पा, तुम्ही खरंच तालुक्याला राहत असाल तर फॉर्म आठ भरून नाव तिकडं न्या. ते तुम्ही बघा."

थोडी कुजबुज झाली. सगळ्यांना पटलं असं नाही. एक म्हातारा पुटपुटला, "ह्या सरकारी लोकांचं हे असंच असतंय." तेही खरंच आहे.

मग सुमनबाई बोलल्या. "राहू द्या त्याचं. गाव त्याचंबी हाय." आणि आप्पांकडं वळल्या. "पण आप्पा, मला एक सांगा. आमी तुमचं काय वाईट केलं?"

आप्पांना बोलावं लागलं. "ग्रामपंचायतीला पाडलं न तुम्ही. बूथवरचे आकडे सांगतात."

"त्या बूथवर तीन वाड्या हायत. आकड्यावर काय आमची नावं लिवली होती? आप्पा, माझ्या बाळंतपणाला रस्ता वाहून गेल्ता. तुमची माय गुडघाभर पाण्यातून माझ्याकडं आल्ती. त्या माउलीकडं बघून ह्या आख्ख्या ओळीनं तुमच्या पॅनलला मतं दिल्ती. आन तुमी आमचीच नावं कापाया निघाले?"

 माणूस आपल्याच पायावर कुऱ्हाड मारताना मी त्याआधी पाहिला नव्हता असं नाही, पण गठ्ठ्यानं सह्या करून मारताना पहिल्यांदाच पाहिला. दोघे कार्यकर्ते एकमेकांकडं बघायला लागले. एकाच्या ओठांची हालचाल होत होती, तो मनातल्या मनात मतं मोजत असावा.

 फूल अजून आप्पांच्या हातातच होतं. ते त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, "मॅडम, मी हरकत मागं घेतो."

"घ्या. पण निकाल मी लिहिणारच. पुन्हा कुणाला अशी हुक्की यायला नको."

तिथंच शेडनेटच्या दाराशी, पालथ्या क्रेटवर बसून मी निकाल लिहिला. जबाब नोंदवले, ओळखपत्रं पाहिली, सर्व मतदार त्याच शिवारात राहतात, हरकती नामंजूर. नावं कायम. काळे भाऊसाहेबांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. नावं कायम म्हटल्यावर सुमनबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच झटक्यात म्हणाल्या, "चला गं, दुपारच्या कळ्या काढायच्यात." गोदाबाईंनी आम्हाला भाकरी आणि त्याच मिरचीचा ठेचा दिला. बिनदोऱ्याच्या मिरच्या बियाण्याला चालत नाहीत, त्या काढून टाकाव्या लागतात. त्यांचा ठेचा असा काही जहाल होता की काळे भाऊसाहेब परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत.

संध्याकाळच्या व्हीसीत साहेबांनी झिरो पेंडन्सी दाखवली. वर, आमच्या तालुक्यात आम्ही थेट शेतात जाऊन सुनावणी घेतो, असंही सांगून टाकलं. जिल्ह्यावरून कौतुक झालं. साहेबांनी मला चहा पाजला. गुरुजींना मी दोन शब्द सुनावले आणि एक विनंती केली, इथून पुढं कुलूप दिसलं की शेजारी विचारा, शेजारीही कुलूप असेल तर बांधावर चढा. संगणकात घर बंद असा पर्याय टाकावा म्हणून मी वर एक पत्रही लिहिलं. त्याचं उत्तर माझ्या निवृत्तीपर्यंत आलं नव्हतं.

लोकसभेच्या मतदानाला मी त्या भागातल्या बूथवर फिरत होते. ऊन मी म्हणत होतं. मी पोचले तर वाडीच्या बाया शाळेच्या व्हरांड्यात रांगेत. क्रॉसिंग केव्हाच संपलं होतं, तरी घाई तीच. सुमनबाई मत देऊन बाहेर आल्या, माझ्याकडं बघून मोकळं हसल्या आणि शेवटच्या बाईची वाट बघत सावलीला थांबल्या. एकीकडून सगळ्या टवाळी करत होत्या, एकीकडून एकमेकींना विचारत होत्या, बटण दाबल्यावर तुझंबी टुईं वाजलं का गं.

रांगेच्या शेवटी आप्पा उभे होते. नाव त्यांनी तालुक्याला नेलं नव्हतं. वाडीतल्या कुणी त्यावर हरकतही घेतली नव्हती. आप्पा त्या बायांकडं एकटक बघत होते. मी जवळून जाताना त्यांनी मला हळूच विचारलं.

"मॅडम, ग्रामपंचायतीला खरंच दिल्तं का हो यांनी मला?"

"मला काय माहीत?"

"आन आज कुणाला दिलं असंल?"

"आप्पा, ते मला कळत नाही. साहेबांना कळत नाही. दिल्लीत बसलेल्या कुणाला कळत नाही."

"मंग आपण समजायचं कसं?"

"नाहीच समजायचं," मी म्हणाले. "म्हणून तर पाचही वर्षं सगळ्यांशी नीट वागायचं असतं."